खाली गिरणी, वर मीटिंग: नॉइज कॅन्सलिंग हेडफोनच्या एका खरेदीचा अभ्यास

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेची जुनी इमारत. तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि तिच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. स्नेहल (नाव बदललं आहे) एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस लोकलने लोअर परळचं ऑफिस. घरच्या दिवशी तीन ते चार तास कॉल असतात, उरलेला वेळ फायली वाचण्यात जातो. लॅपटॉप कंपनीचा, विंडोज १० चा, आणि त्यात काहीही बदलायचं तर आयटी विभागाची परवानगी लागते. फोन स्वतःचा, अँड्रॉइड.

निवडीवर परिणाम करणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. तिला चष्मा आहे, जाड प्लास्टिकच्या काड्यांचा. शिवाय कानात खुपसायच्या इअरबड्समुळे कानाला खाज सुटायची, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितले होते. त्यामुळे कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यायचा, एवढं आधीच ठरलेलं होतं. बजेट होतं १५,००० रुपये.

अडचण

गिरणी सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ चालते. कॉलची गर्दी अकरा ते एकच्या दरम्यान. स्नेहलची तक्रार सुरुवातीला एका वाक्यात होती: "गिरणीच्या आवाजात काही ऐकू येत नाही." खोदून विचारल्यावर तिच्यातून तीन वेगवेगळ्या तक्रारी निघाल्या. एक, तिला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. दोन, समोरच्यांना तिच्या बोलण्यामागे घरघर ऐकू येते, आणि एकदा वरिष्ठांनी "तुम्ही कारखान्यातून बोलताय का?" असं विचारलंही होतं. तीन, कॉल नसतानाही दुपारपर्यंत डोकं जड होतं.

या तीन तक्रारींवर तीन वेगळे इलाज लागतात, आणि नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे एएनसी, त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्यावरच चालते. बाहेरचा आवाज उलट्या लहरीने खोडणारी ही सोय हेडफोन घालणाऱ्याच्या कानापुरती असते. माइकमधून पलीकडे काय जातं, याच्याशी तिचा संबंध नाही. जाहिरातीत दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, त्यामुळे घोळ होतो.

पहिली खरेदी

पहिल्यांदा तिने ऑनलाइन सेलमध्ये साडेचार हजारांचा हेडफोन मागवला. खोक्यावर "४५ डीबीपर्यंत एएनसी" छापलेलं होतं (डीबी म्हणजे डेसिबल, आवाज मोजायचं एकक). घरी आल्यावर गिरणीचा आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटला, आणि कॉल सुरू झाला की पलीकडचा माणूस डब्यातून बोलल्यासारखा ऐकू यायचा. वस्तू परत करायला गेल्यावर अटींमधलं बारीक अक्षर दिसलं: सात दिवसांत फक्त बदली, पैसे परत नाहीत. बदलून आलेला हेडफोनही तसाच. शेवटी तो दिरानं गाणी ऐकायला घेतला.

हेडफोनमध्ये बिघाड नव्हता. "४५ डीबीपर्यंत" यातला "पर्यंत" महत्त्वाचा. एएनसी एखाद्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला (आवाजाच्या जाड-बारीक पट्टीला, ती हर्ट्झमध्ये मोजतात) जास्तीत जास्त किती आवाज कापते, त्याचा तो आकडा असतो. त्या फ्रिक्वेन्सीच्या अलीकडे-पलीकडे तो झपाट्याने खाली येतो. डब्यातल्या आवाजाचं कारण तर वेगळंच होतं, ते पुढे येईल.

आवाज कसला आहे ते पाहिलं

दुसरी खरेदी करण्याआधी आवाजाची ओळख करून घेतली. फोनवर फुकट मिळणारं स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या पट्टीत किती आवाज आहे, ते दाखवणारं अॅप यासाठी पुरतं. फोनचा माइक प्रमाणित नसल्यामुळे त्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, पण आलेखात शिखर कुठे आहे ते बऱ्यापैकी खरं दिसतं. तिच्या टेबलावर फोन ठेवला तेव्हा सगळ्यात उंच शिखर १०० हर्ट्झला होतं. हे अपेक्षितच होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि मोटरची चुंबकीय गुणगुण तिच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला येते. दुसरा भाग होता दळण पडताना होणारी दगडाची खरखर. ती साधारण ८०० हर्ट्झपासून वर, ३,००० हर्ट्झपर्यंत पसरलेली होती. अधूनमधून समोरच्या शाळेची घंटा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या.

१०० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. बाहेरचा माइक आवाज पकडतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती सोडतो. एवढ्या लांब लहरीत किंचित उशीर झाला तरी दोन्ही लहरी एकमेकींना छेदतात. ३,००० हर्ट्झला लहर अवघी ११ सेंटिमीटरची. तिथे इवल्याशा उशिरानेही गणित फिसकटतं. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर एएनसी फारशी उपयोगी पडत नाही, तिथे आवाज अडवायचं काम हेडफोनच्या कानांभोवतीच्या गाद्याच करतात. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना ही कल्पना सुचली आणि त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आणला, तोही इंजिनाच्या अखंड घोंघावण्यावरचा तोडगा म्हणूनच. गिरणीची मोटर त्याच जातीची. कुकरची शिट्टी नाही.

म्हणजे मोटरसाठी एएनसी, खरखरीसाठी गाद्यांची घट्ट बसण, आणि घंटा-शिट्टी काही प्रमाणात सहन करायची. एवढं कळल्यावर अपेक्षा जागेवर आल्या.

चष्म्याचा प्रयोग

इथे पहिला खरा निर्णायक क्षण आला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. दिराकडचा तोच हेडफोन परत आणला, गिरणी चालू असताना घातला, एएनसी सुरू केली आणि दोन्ही तळव्यांनी कप कानांवर हलकेच दाबले. घरघर एकदम खाली गेली. तळवे काढले की परत वर. चष्मा काढून हेडफोन घातल्यावर न दाबताही तेवढाच फरक पडला.

जाड काडी गादीला उचलून धरते आणि कानामागे फट राहते. फटीतून सगळ्यात आधी खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो, म्हणजे जिथे एएनसीचा खरा उपयोग तिथेच तिचं बळ जातं. शिवाय आतला माइक आणि स्पीकर यांची जुळणी बंद पोकळी गृहीत धरून केलेली असते. पोकळी गळकी झाली की तीही बिघडते. पहिला हेडफोन वाटला तितका वाईट नव्हता, ही गोष्ट इथे उघड झाली.

घरात तिचा जुना, पातळ धातूच्या काड्यांचा चष्मा पडून होता. त्याच्या काचा बदलायला १,५०० रुपये लागले. घरून कामाच्या दिवशी तोच वापरायचा असं ठरलं. काड्या गादीतून सरळ आडव्या जायला हव्यात. केसांची बट किंवा ओढणीचा काठ गादीखाली आला तरी तशीच गळती होते. आणखी एक बारीक गोष्ट: कुड्यांची फिरकी. तासाभराने गादी तिच्यावर दाबून पाळीमागे दुखायला लागतं. त्या दिवशी कानात फिरकी नसलेलं काहीतरी घालणं हाच उपाय.

पर्याय

फोल्ड होणारा हेडफोन हवा, अशी तिची अट होती, कारण लोकल. या अटीवर बराच वेळ गेला. लोकलच्या गर्दीत तो ती घालणार होती का? लेडीज डब्यात सकाळी सव्वाआठला कान झाकून उभं राहणं गैरसोयीचं आणि काहीसं धोक्याचंही. शिवाय "पुढील स्टेशन" ऐकू यायला हवं. ऑफिसात कंपनीचा वायरवाला हेडसेट होताच. म्हणजे हेडफोन घरातून बाहेर पडणार नव्हता, आणि फोल्डची अट गळली. एखादी अट काढून टाकणं हे नवी अट घालण्याइतकंच महत्त्वाचं असतं. इथे तर त्यामुळे निवड निम्मी सोपी झाली.

मग उरले ते पर्याय.

जुन्या पिढीतला महागडा हेडफोन. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (२०२०, सुमारे २५४ ग्रॅम) किंवा त्याच वर्गातला बोस, सेनहायझर. एएनसी उत्तम. पण सेलमध्येही सगळं बजेट एकट्या हेडफोनवर जाणार, आणि माइकची तक्रार तशीच राहणार.

मधल्या किमतीचा हेडफोन. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन, तेव्हा दहा हजारांच्या आसपास. वजन १९२ ग्रॅम, एएनसी चालू ठेवून बॅटरी ३५ तासांपर्यंत. एएनसी वरच्या वर्गापेक्षा कमी, पण गिरणीच्या मोटरसारख्या एकसुरी आवाजाला पुरेशी. चार तास चष्म्यासकट घालायचा तर १९२ आणि २५४ मधला फरक मानेला कळतो. यात एलडीएसी कोडेक (ब्लूटूथवरून जास्त बारकाईने आवाज पाठवायची पद्धत) नाही, म्हणून नेटवर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. विंडोज लॅपटॉप मुळात एलडीएसी पाठवत नाही, तेव्हा तो मुद्दा इथे गैरलागू.

ऑफिसचा बूम माइकवाला हेडसेट. जॅब्रा इव्हॉल्व्ह२ ६५ फ्लेक्स किंवा पॉली व्हॉयेजर फोकस २. कॉलसाठी हा सर्वांत सरळ उपाय, आणि त्यावर गंभीर विचार झाला. तोंडाजवळ येणारी माइकची दांडी हेच त्याचं मोठेपण. हेडफोनच्या कपातला माइक तोंडापासून साधारण १२ सेंटिमीटरवर असतो, दांडीचा ३ सेंटिमीटरवर. अंतर चौथ्या हिश्श्यावर आलं की आपला आवाज त्या माइकला सुमारे १२ डेसिबलने मोठा लागतो आणि गिरणीचा तेवढाच राहतो. पण हे दोन्ही कानावर टेकणारे आहेत, कान झाकणारे नाहीत. गादी पाळीवरच दाबते, खाली चष्म्याची काडी, आणि बसणही अर्धवट. कान झाकणारा, एएनसी आणि दांडी दोन्ही असलेला इव्हॉल्व्ह२ ८५ आहे, पण तो बजेटच्या बराच बाहेर होता.

चौथा पर्याय हेडफोनच्या पलीकडचा होता. गिरणीवाल्या काकांशी बोलून पाहणं. रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डीबीची कायदेशीर मर्यादा आहे, पण तिला भांडायचं नव्हतं. घरची भाजणी काकाच दळून देतात. "काका, मोटरखाली रबराचे तुकडे बसवता येतील का?" एवढंच तिने विचारलं. काकांनी दिवाळीनंतर बसवलेही. जमिनीतून चढणारी थरथर थोडी कमी झाली.

निर्णय

सगळे पैसे एका वस्तूत न घालता काम वाटून टाकलं. ऐकण्यासाठी मधल्या किमतीचा सीएच७२०एन. बोलण्यासाठी वेगळा यूएसबी माइक, समोरचंच जास्त ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड, लवचिक मानेचा, साधारण ३,००० रुपयांचा. चष्म्याच्या काचा धरून एकूण खर्च साडेचौदा हजारांच्या आत बसला.

या वेळी विकत घेण्याआधी दुकानात जाऊन पाहिलं. दुकानात गिरणी नसते, एसीची घरघर असते, म्हणून तिने गिरणीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून नेला. मात्र फोनचा इवलासा स्पीकर १०० हर्ट्झ वाजवतच नाही. दुकानातल्या डेमो टीव्हीच्या साउंडबारवर तो लावला तेव्हा तपासता आलं. दोन्ही चष्मे घालून, प्रत्येकी दहा मिनिटं. दहा मिनिटांत दाब आणि उष्णता यांचा अंदाज येतो, दोन मिनिटांत नाही. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, नोंदणीचा आर-क्रमांक होता. तो बीआयएस केअर अॅपवर पडताळून पाहिला आणि जीएसटीचं बिल घेतलं.

जोडणी

डब्यातल्या आवाजाचा उलगडा इथे झाला. ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकताना एकाच दिशेने आवाज पाठवणाऱ्या रीतीत असतो. त्याचाच माइक वापरायला घेतला की तो दोन्ही दिशांच्या हँड्सफ्री रीतीत जातो आणि आवाजाला मिळणारी जागा आक्रसते. जुन्या पद्धतीत सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते, ८,००० हर्ट्झवर येतं, जरा नव्या पद्धतीत १६,००० वर. हेडफोन पंचवीस हजारांचा असला तरी या रीतीत आवाज असाच उतरतो.

म्हणून मीटिंगच्या अॅपमध्ये स्पीकर म्हणून "हेडफोन्स, स्टिरिओ" आणि माइक म्हणून यूएसबी माइक निवडला. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात. "हँड्स-फ्री एजी ऑडिओ" लिहिलेलं नाव निवडलं की डबा परत आला. काही अॅपं अपडेटनंतर आपणहून तेच निवडतात. कायमचा उपाय म्हणजे कंट्रोल पॅनेलमधल्या डिव्हायसेस अँड प्रिंटर्समध्ये हेडफोनच्या गुणधर्मांत सर्व्हिसेस उघडून हँड्सफ्री टेलिफोनीची खूण काढणं. ते आयटी विभागाने करून दिलं, विनंती पाठवल्यानंतर चौथ्या दिवशी.

माइकची पहिली दोन रेकॉर्डिंग वाईट आली. घरघर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली. माइक ठेवला होता टेबलावर, टेबल उभं होतं गिरणीच्या छतावर, आणि लाकडातून थरथर थेट माइकच्या बुडात जात होती. घडी घातलेला जाड टॉवेल खाली ठेवल्यावर ती बरीच कमी झाली. नंतर टॉवेलच्या जागी स्पंजची वीट आली. माइक तोंडापासून चार बोटांवर, पण सरळ समोर नाही, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरपा. समोर धरला की प, फ, भ फटफटतात. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे केली. खालच्या पट्टीचा आवाज कापणारा लो-कट खटका माइकवरच होता, तो चालू केला.

मीटिंगच्या अॅपमधलं आवाज गाळण्याचं सेटिंग "हाय" वर ठेवलं तर तिच्या वाक्यांचे शेवट गिळले जात होते, विशेषतः ती हळू बोलली की. "लो" वर ठेवल्यावर थोडी घरघर राहिली, पण शब्द पूर्ण पोचायला लागले. विम्याच्या दाव्यात रकमेचा एक आकडा गिळला जाण्यापेक्षा ती परवडली.

निकाल

समोरून येणारी तक्रार थांबली. ऐकताना पूर्वीपेक्षा आवाज बराच खाली ठेवता येतो, आणि हे जाहिरातीत फारसं येत नसलं तरी महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी ८० डीबी आठवड्याला ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेला की ती कधी ओलांडली जाते ते कळत नाही.

घंटा आणि शिट्ट्या ऐकू येतात. उलट मोटरची घरघर गेल्यामुळे त्या जास्त टोचतात. एएनसी सुरू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं पहिले काही दिवस वाटत होतं. आता ते वाटत नाही, तरी एकला गिरणी बंद झाली की ती एएनसी बंद करते. मे महिन्यात कानाभोवती घाम येतो, त्याला इलाज नाही. दर तासाला पाच मिनिटं काढून ठेवायचा आणि गाद्या कोरड्या फडक्याने पुसायच्या. कापडी खोळी घालून पाहिल्या, त्यांनी बसण सैल झाली, काढून टाकल्या.

चौदाव्या महिन्यात गाद्यांचं कृत्रिम कातडं सुटायला लागलं. कोकणपट्टीच्या दमटपणात हे ठरलेलंच. बाहेरच्या बनावटीच्या, जरा जाड गाद्या स्वस्तात मिळाल्या, पण त्या बसवल्यावर एएनसी कमजोर झाली आणि मान वळवली की बारीक शीळ यायला लागली. गादी जाड झाली की आतली पोकळी मोठी होते आणि जुळणी बिघडते. मूळ मापाच्या गाद्या मागवल्यावर शीळ गेली.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा झाला. आधी खरेदी, मग आवाजाची ओळख, मग चष्मा. तळव्याने कप दाबून पाहण्याचा प्रयोग पहिल्याच दिवशी झाला असता, तर कदाचित पहिल्याच हेडफोनवर भागलं असतं. त्याच्यासोबत फक्त पातळ काड्या आणि यूएसबी माइक. एकूण नऊ हजार. उरलेले साडेपाच हजार वाचले असते का? बहुधा हो, कारण एकसुरी १०० हर्ट्झला स्वस्त एएनसीही बऱ्यापैकी पुरी पडते. महाग हेडफोनचं बळ वेगवेगळ्या आवाजांत, बदलत्या पट्ट्यांत दिसतं.

परतीची अट विकत घेण्याआधी वाचायला हवी होती. "रिप्लेसमेंट ओन्ली" आणि "रिटर्न" ही दोन वेगळी बटणं आहेत, आणि हेडफोनसारख्या अंगावर घालायच्या वस्तूत दुसरं नसेल तर दुकानातच जावं. सदोष वस्तूबाबत विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. इथे मात्र वस्तू सदोष नव्हतीच, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नसता.

बूम माइकवाल्या हेडसेटबद्दलचा निर्णय अजूनही वादाचा आहे. चष्मा नसता आणि कॉल चारऐवजी सात तासांचे असते, तर तोच घ्यायला सांगितलं असतं. टेबलावरच्या माइकसमोर चार बोटांवर तोंड धरून सात तास बसणं जमत नाही, आणि फाइल शोधायला वळलं की आवाज लगेच दूर जातो. स्नेहलचे कॉल सध्या वाढत आहेत. ते पाच तासांपलीकडे गेले तर कंपनीकडे दांडीवाल्या, कान झाकणाऱ्या हेडसेटची मागणी करायची, असं ठरलं आहे. त्यासाठीच्या अर्जाला जोडायला गिरणी चालू असतानाची दोन्ही माइकची रेकॉर्डिंग तिने जपून ठेवली आहेत.